आता मला मोकळं करा

शशिधर टिपणीसांनी राजीनामा दिला आणि मंडळाने तो घेतला.

आता कोणी घेतं का हो असं? राजीनामा द्यायचा असतो, घ्यायचा नसतो, एवढं चार माणसांत वावरलेल्या कुणालाही कळतं. लंडनमधल्या हॅरोच्या मराठी चित्रमंडळाला ते गेली नऊ वर्षं व्यवस्थित कळत होतं. दर एप्रिलच्या वार्षिक सभेत टिपणीस उभे राहायचे, चष्मा काढून हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "झाली तेवढी सेवा पुष्कळ झाली, आता मला मोकळं करा. तरुणांनी पुढे यावं." त्यावर मिलिंद पेठे म्हणायचा, "छे छे काका, असं कसं?" टिपणीस मान हलवायचे. मग मागच्या रांगेतून दोघं-तिघं म्हणायचे, तुमच्याशिवाय मंडळाला काय अर्थ आहे. टिपणीस दुसऱ्यांदा नको म्हणायचे, पण जरा हळू. तिसऱ्यांदा सगळी सभाच आग्रह करायची आणि टिपणीस "तुम्ही ऐकतच नाही म्हणजे काय, बरं, हे एवढंच वर्ष" असं पुटपुटत खाली बसायचे. या सगळ्याला दहा मिनिटं लागायची, आणि मग चहा.

मंडळही साधंसुधं नव्हतं. तिथे फक्त ब्रिटिश चित्रपट बघायचे, आणि तेही फक्त सत्तेचे. राजाच्या कानाला लागणारे सरदार, पंतप्रधानाच्या मागे उभं राहून गोड हसणारे मंत्री, पक्षाच्या अधिवेशनात हॉटेलच्या जिन्याखाली ठरलेले कट. हा नियम टिपणीसांचाच. "प्रेमाचे पिक्चर काय, जगात सगळीकडे सारखेच," ते म्हणायचे. "पण खुर्चीसाठी माणूस काय करतो, ते बघावं तर या लोकांकडून. सॉरी म्हणत म्हणत गळा कापतात." असे नव्व्याण्णव चित्रपट चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये बघून झाले होते. प्रत्येकाआधी अध्यक्षांचं प्रास्ताविक व्हायचं, आणि ते चाळीस मिनिटांचं असायचं. शंभरावा चित्रपट जूनच्या शेवटच्या शनिवारी होता. त्या प्रास्ताविकाची अठरा पानं टिपणीस जानेवारीपासून लिहीत होते. नोकरी संपलेली, मुलगा एडिनबराला, गुडघे कुरकुरणारे. त्या माणसाकडे आता दुसरं होतं काय?

तर त्या एप्रिलच्या रविवारी टिपणीस उभे राहिले, चष्मा काढला आणि मला मोकळं करा म्हणाले. आणि नेमका मिलिंद जागेवर नव्हता. रुळांचं काम चालू होतं, ट्रेनच्या बदल्यात बस होती, आणि ती बस मिलिंदला घेऊन कुठल्या कुठे फिरत होती. सगळी सभा त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागली. पहिला आग्रह त्याचा असतो, तो झाल्याशिवाय दुसऱ्याने कसं तोंड उघडायचं?

शिवाय सेक्रेटरी नवीन होती. अन्वी. वय सव्वीस, जन्म हॅरोचाच, आणि नोकरी एका कौन्सिलमध्ये सभांची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तं, लिहायची. तिने लॅपटॉपवरून मान वर केली.

"ओके. शशिधरकाका रिझाइन करतात. एनी ऑब्जेक्शन्स?"

चार सेकंद गेले. कोणी खोकलंसुद्धा नाही.

"नो ऑब्जेक्शन्स. अॅक्सेप्टेड विथ थँक्स," असं म्हणून अन्वीने टाइप केलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तिचं बघून सगळ्यांनी वाजवल्या. सगळे वाजवतायत म्हणून टिपणीसांनीही वाजवल्या.

"आता पुढचं अध्यक्ष कोण?" अन्वीने विचारलं.

आता मात्र सगळ्यांना रीतभात आठवली. एकाला पाठीचं दुखणं होतं, एकीची नात लहान होती. पोस्टातून निवृत्त झालेले हरिदास वाघमारे म्हणाले, "माझे गुरुवार कॅमडेनला बाबासाहेबांच्या घरी जातात, आलेल्या लोकांना माहिती सांगायला. मला नियम विचारा, खुर्ची नको." ही सगळी नको नको आग्रहासाठी आतुर झालेली होती, पण अन्वीने प्रत्येक नकार निमूटपणे लिहून घेतला. शेवटी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. तिथे टिपणीसांच्या पत्नी मधुमती नेहमीसारख्या चहा गाळत होत्या.

"मधुमतीमावशी, तुम्ही होणार का अध्यक्ष?"

"हो," मधुमतीबाई म्हणाल्या. "चालेल."

एकदाही नको म्हणाल्या नाहीत. अर्धवटसुद्धा नाही.

टिपणीसांनी गाडी पार्किंगमधून बाहेर काढली. मग एकदम फुटले.

"तुला नको म्हणता आलं नाही?"

"विचारलं तिने. मला व्हायचं होतं. हो म्हटलं."

"व्हायचं होतं म्हणून काय लगेच हो म्हणायचं? काही लाजबीज? लोक काय म्हणतील, टपूनच बसली होती."

"टपून कुठे, उभी होते. नऊ वर्षं."

टिपणीसांना लेस्टरची घरमालकीण आठवली. अठ्ठ्याऐंशी साली या देशात आल्यावर पहिल्या रात्री तिने विचारलं होतं, आणखी बटाटे हवेत का. टिपणीस रीतीप्रमाणे नो थँक यू म्हणाले, आणि त्या बाईने भांडं उचलून चक्क आत नेलं. भुकेने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण ती परकी होती, तिला कोण शिकवणार? ही आपली माणसं. आपल्या माणसांनीसुद्धा भांडं उचलून न्यायचं म्हणजे हद्द झाली.

टिपणीसांनी ठरवलं, आपण एक शब्द बोलायचा नाही. चित्रपटात असंच असतं. पदावरून गेलेला नेता आपल्या गावाकडच्या घरी जाऊन गुलाबाची झाडं छाटत बसतो, आणि पक्ष त्याच्या दारात येऊन नाक घासतो. टिपणीसांकडे गुलाब नव्हते, म्हणून त्यांनी कुंपणाची हेज छाटायला घेतली. सोमवारी कोणी आलं नाही. मंगळवारी, बुधवारी कोणी आलं नाही. हेज गुडघ्याएवढी झाली आणि शेजारच्या बाई, आपल्या खिडकीत आता सगळा रस्ता दिसतो, असं हसून सांगून गेल्या. गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. टिपणीसांनी स्वेटर नीट केला, चेहरा गंभीर केला आणि दार उघडलं. मिलिंद होता.

"काका, सॉरी हं. बसने घोळ केला. मी असतो तर नक्की म्हटलं असतं, छे छे काका असं कसं."

"मग आता म्हण."

"आता कसं? टेक्निकली मिनिट्स सर्क्युलेट झाली ना." मिलिंद बुटाची लेस बांधत बोलला, म्हणजे नजर द्यायला नको. "मी प्रोजेक्टरचं मॅन्युअल न्यायला आलोय. काकूंनी मेसेज केला होता."

टिपणीसांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सत्तेचे नव्व्याण्णव चित्रपट त्यांनी उगाच दाखवले नव्हते. पहिला डाव फसला की काय करतात? अफवा सोडतात. एकाच विश्वासू माणसाला, अगदी कानात, कोणाला सांगणार नसशील तरच सांगतो म्हणून.

"बस मिलिंद," ते आवाज खाली आणून म्हणाले. "एक सांगतो, पण तुझ्याजवळच ठेव. तुमच्या नव्या अध्यक्षा प्रास्ताविक पाच मिनिटांवर आणणार आहेत."

"पाच?"

"पाच. चाळीसाचं पाच. मंडळाची वाट लावायला निघाल्यात."

मिलिंद गंभीर चेहऱ्याने मॅन्युअल घेऊन गेला. टिपणीस समाधानाने आत आले. आता उद्या सकाळपर्यंत सगळ्या सभासदांच्या तोंडचं पाणी पळेल, असा त्यांचा हिशेब होता.

सकाळी नाश्त्याला मधुमतीबाईंचा फोन सारखा टिंगटिंग वाजत होता. त्या चष्मा लावून वाचत होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठी होती.

"काय झालं? लोक चिडलेत का?" टिपणीसांनी शक्य तितक्या साधेपणाने विचारलं.

"काय झालंय तेच कळत नाही. अकरा जणांनी अभिनंदन केलंय. म्हणे, प्रास्ताविक पाच मिनिटांचं केलं, फार चांगलं केलं. पेठ्यांच्या शेजारचे चार जण सभासद व्हायचं म्हणतायत." त्यांनी चष्मा काढला. "मी असं काही ठरवलंच नव्हतं."

"मग सांग तसं."

"का सांगू? इतके लोक म्हणतायत तर करूनच टाकते."

आणि केलं. त्याच टेबलावर, टिपणीसांच्या समोर, टोस्टला लोणी लावता लावता. टिपणीसांच्या अठरा पानांचं भवितव्य चार ओळींच्या मेसेजमध्ये संपलं, आणि काडी टाकणारे कोण, तर स्वतः टिपणीस.

"हा अन्याय आहे," ते म्हणाले. "प्रास्ताविकाशिवाय लोकांना ते राजकारण कळणार कसं? कोण कोणाविरुद्ध, कशासाठी, काय गुंतागुंत असते ती तुला काय माहीत?"

"सगळे बघितलेत मी. चहाच्या खिडकीतून. नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव."

"मीही बघितलेत."

"तुम्ही चहापर्यंत बघितलेत. चहानंतर तुम्ही कधी जागे होता?"

"डोळे मिटून ऐकत होतो."

"घोरत होता. मिलिंद आवाज वाढवायचा म्हणून कुणाला कळलं नाही."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच टिपणीसांना जास्त लागलं. चाळीस मिनिटं बोलून माणूस दमतो. पुढच्या रांगेत अंधार, पोटात गरम चहा. कट कसा शिजतो, माणसं कशी फोडतात, ते त्यांना तोंडपाठ होतं. पुढे त्या कट करणाऱ्याचं काय होतं, ते त्यांनी एकाही चित्रपटात बघितलं नव्हतं.

तेव्हा त्यांनी पुढची पायरी घेतली. मंडळाची घटना त्यांनी स्वतः लिहिली होती. कलम नऊ: ठराव मांडणारा सोडून एक तृतीयांश सभासदांच्या सह्या असल्यास अध्यक्षांवरील अविश्वासासाठी खास सभा बोलावता येईल. सभासद एकवीस, म्हणजे सात सह्या. नवे चार जण अजून फॉर्म भरत होते. टिपणीस कागद घेऊन घरोघरी फिरायला लागले. आणि दारात उभ्या राहिलेल्या, गुडघ्याला हात लावून पायरी चढलेल्या वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणायची टाप कुणाची? लोक आत बोलवत, सरबत देत, "तुमच्याशिवाय मंडळ म्हणजे काय" असं म्हणत आणि सही करत. तेच शब्द, जे एप्रिलमध्ये चार सेकंदांत सुचले नव्हते. टिपणीस गेले की प्रत्येक जण मधुमतीबाईंना फोन करायचा आणि म्हणायचा, वहिनी, सही केली हं, राग मानू नका, भीड पडली.

फक्त हरिदास वाघमाऱ्यांनी सरबताआधी कागद वाचला. दोनदा वाचला.

"टिपणीस, तुम्ही राजीनामा दिला होतात ना?"

"तो तसा नव्हता हो दिला."

"कसा नव्हता? तोंडी दिलात, भर सभेत. मीही होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मोकळं करा म्हणालात, मला वाटलं, माणूस दमला असेल. खरं मानलं तुमचं." हरिदासांनी खिशातून पेन काढलं. "सभा मागायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे, म्हणून सही करतो. मत कोणाला देईन ते मात्र विचारू नका."

अशा सहा झाल्या. सातवी मिलिंदची व्हायची होती, पण मिलिंद तीन दिवस ऑफिसच्या कॉलवर होता. चौथ्या दिवशी टिपणीस त्याच्या दाराशी जाऊन आले, आणि पडद्यामागे कोणीतरी हललेलं त्यांना स्पष्ट दिसलं. संध्याकाळी ते घरी येऊन सोफ्यावर बसले, पाय पुढच्या स्टुलावर ठेवले आणि आभाळ कोसळल्यासारखा चेहरा करून बसून राहिले.

मधुमतीबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. गुडघ्यावर ठेवली. "किती झाल्या?"

टिपणीस दचकले. "कशा किती?"

"सह्या. सहा की सात?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सहाही जणांनी." त्यांनी हात पुढे केला. "द्या तो कागद. मी करते सातवी."

"तू?" टिपणीस ताडकन उठायला गेले आणि पिशवी खाली पडली. "अविश्वास तुझ्यावर आहे. तुझ्याच विरुद्ध तू सही करणार?"

"मी सभासद आहे की नाही? वर्गणी तुमच्याच नावाने दोघांची जाते. आणखी किती घरं हिंडाल? रात्री कण्हता, मला झोप लागत नाही."

आता हा उपकार की अपमान, तुम्हीच सांगा. ज्याच्याविरुद्ध तलवार उपसायची, त्यानेच ती पुसून हातात द्यायची? पण सात म्हणजे सात. त्यांनी कागद दिला. मधुमतीबाईंनी नीट वाचून, तारीख घालून सही केली, आणि दोन शब्दांत शुद्धलेखनाची चूक होती ती दुरुस्त केली.

मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी खास सभा भरली. त्या दिवशी ट्रेन वेळेवर होत्या, मिलिंद वेळेवर होता, सगळेच होते. घरात भांडण आहे म्हटल्यावर कोण चुकवेल? मधुमतीबाई टेबलामागे बसल्या होत्या, समोर हॉलची किल्ली. शेजारी अन्वी लॅपटॉप घेऊन.

"मोशन काय आहे ते काका सांगतील," अन्वी म्हणाली. "दहा मिनिटं आहे तुमच्याकडे."

टिपणीस उभे राहिले. चष्मा काढला नाही. नऊ वर्षांत जे बोलले नव्हते ते सगळं बोलले. "मी मोकळं करा म्हटलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. टाळ्या. घरचं म्हातारं माणूस जेवायचं नाही म्हणतं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवता का? एकालाही वाटलं नाही की उठून म्हणावं, बसा हो टिपणीस. नऊ वर्षं मी प्रोजेक्टर खांद्यावरून वाहिला."

"प्रोजेक्टर गाडीत असायचा," हरिदास म्हणाले.

"गाडीपर्यंत वाहिला." टिपणीसांचा आवाज चढला. "मी या खुर्चीसाठी बोलत नाही. खुर्ची प्लॅस्टिकची आहे. पण माणसाने नको म्हटलं की त्याला एकदा तरी हो म्हण म्हणायचं असतं, एवढी माणुसकी आपण हीथ्रोला उतरताना टाकून आलो का?"

सभा खाली मान घालून बसली. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं लोकांना पटलं होतं. मिलिंदने अनुमोदन दिलं, आणि तेही "टेक्निकली" असं न म्हणता दिलं. मागे दोघी डोळे पुसत होत्या. टिपणीस बसले तेव्हा ते जिंकले होते, याबद्दल हॉलमध्ये कुणालाच शंका नव्हती. शंभराव्या चित्रपटाची अठरा पानं त्यांच्या पिशवीतच होती.

"व्होटिंगच्या आधी चेअरला रिप्लायचा राइट आहे," अन्वी म्हणाली. "मावशी?"

मधुमतीबाई उभ्या राहिल्या. सभेत उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या स्वेटरचं एकच बटण काढत होत्या, लावत होत्या.

"मला काही एवढं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "मंडळ यांनी काढलं, यांनी वाढवलं. मला हौस होती, महिनाभर केलं, मजा आली. मतदान कशाला करायचं, उगाच तुम्हाला संकट. तुम्ही मला मोकळं करा."

आणि किल्ली त्यांनी टेबलावर पुढे सरकवली.

कोणी बोललं नाही. कोण बोलणार? आत्ता छे छे वहिनी म्हणायचं, म्हणजे टिपणीसांच्या तोंडावर त्यांच्या विरोधात बोलायचं. मिलिंदने हरिदासांकडे बघितलं. हरिदासांनी छताकडे बघितलं. एक सेकंद गेला. दुसरा गेला. अन्वीची बोटं लॅपटॉपवर टेकली.

टिपणीस बायकोकडे बघत होते. ती तशीच उभी होती. बसावं की उभं राहावं हे तिला कळत नव्हतं. हॉलमध्ये एवढी माणसं असताना एकटं उभं राहिल्यावर हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, हे टिपणीसांइतकं त्या सभेत कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसरा सेकंद गेला.

"अरे काय माणसं आहात की कोण आहात?" टिपणीस गरजले. ते कधी उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. "बाई समोर उभी आहे, मोकळं करा म्हणते, आणि तुम्ही मूग गिळून बसलात? काही जनाची मनाची? हिच्या हातचा चहा नऊ वर्षं प्यायलात ना? मिलिंद, तुझ्या तोंडाला काय झालंय?"

"काका, पण तुम्हीच..."

"मी काय? मी तुला विचारतोय. बरं, तू बोलू नकोस, मीच बोलतो." ते टेबलाकडे वळले. "छे छे मधुमती, असं कसं?"

मधुमतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग मान हलवली. "नको हो. मला कुठे जमतंय."

"न जमायला काय झालं? महिन्याभरात चार सभासद वाढवलेस. तुझ्याशिवाय मंडळाला काय अर्थ आहे?"

"नकोच ते," मधुमतीबाई म्हणाल्या, जरा हळू.

"हे बघ, ऊठ म्हटलं की उठायचं नसतं. आमचं सगळ्यांचं म्हणणं आहे." टिपणीसांनी सभेकडे असे डोळे वटारले, की सगळी सभा एका सुरात "हो हो वहिनी" म्हणाली. काही जण तर उभे राहून म्हणाले.

"तुम्ही एवढं म्हणताच आहात," असं म्हणून मधुमतीबाईंनी किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली. टिपणीसांनी रुमालाने कपाळ पुसलं. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी रीतसर झाल्यासारखं वाटत होतं.

अन्वीने बोट वर केलं. "सॉरी काका. पण नो कॉन्फिडन्सचं मोशन अजून ओपन आहे."

"कुणावर नो कॉन्फिडन्स?"

"मावशींवर."

"कोणी आणलं ते?"

"तुम्ही."

टिपणीसांनी पिशवीकडे बघितलं, मग बायकोकडे.

"फाडून टाक ते," ते म्हणाले.

"फाडता येत नाही," हरिदास म्हणाले. "मागे घेता येतं. कलम नऊ, तुमचंच."

"मग घेतलं मागे."

अन्वीने टाइप केलं आणि तिच्या पद्धतीप्रमाणे वाचून दाखवलं. अविश्वासाचा ठराव श्री. टिपणीस यांनी मागे घेतला. श्री. टिपणीस यांच्या आग्रहामुळे श्रीमती टिपणीस अध्यक्षपदावर कायम. विरोध नाही. यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि चहा मिलिंदने केला. तो पाणचट होता, पण कोणी बोललं नाही.

परतताना गाडी पहिल्या सिग्नलला थांबली तेव्हा टिपणीसांनी विचारलं, "खरंच सोडणार होतीस?"

"हो. तुम्ही उठला नसतात तर."

"मी उठणार हे तुला माहीत होतं?"

"नव्हतं," मधुमतीबाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. हिरवा दिवा लागला तरी टिपणीसांनी गाडी हलवली नाही, मागच्याने हॉर्न दिला तेव्हा हलवली.

थोड्या वेळाने मधुमतीबाई म्हणाल्या, "शंभराव्या पिक्चरचं प्रास्ताविक तुम्ही करा."

टिपणीसांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. नको, आता तूच कर, असं जिभेच्या टोकावर आलेलं त्यांनी जिवाच्या कराराने आवरलं.

"करतो," ते म्हणाले. "पूर्ण?"

"पंधरा मिनिटं."

"अठरा पानं आहेत गं. जानेवारीपासून लिहितोय."

"मग बारा."

"आत्ता पंधरा म्हणालीस ना?"

"दहा."

टिपणीसांनी ओठ घट्ट मिटले आणि गाडी डावीकडे वळवली. घर यायला अजून सहा मिनिटं होती.